डिप्रेशनच्या गोळ्या: कुणाला कुठली लागू पडली, कुणाला काय त्रास झाला?

सुरंगी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. मी वेंगुर्ल्याकडची, शाळेत शिकवते. गेल्या उन्हाळ्यापासून माझं काहीतरी बिनसलंय. पहाटे तीनला टक्क जाग येते आणि मग झोप नाही, वह्या तपासायला घेतल्या की एकाच ओळीवर नजर फिरत राहते, भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत नाही. लोक विचारतात रडू येतं का, तर तेही येत नाही, काहीच येत नाही. आधी गावातल्या डॉक्टरांनी रात्री झोपताना अमिट्रिप्टिलिन दिली, झोप लागायची पण सकाळच्या पहिल्या तासाला तोंड इतकं कोरडं पडायचं की मुलांना गणित घालून मी फळ्याकडे वळून पाणी प्यायचे. मग कुडाळला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी एस्सिटालोप्रॅम 10 आणि सोबत क्लोनाझेपाम अर्धी दिली. गणपतीच्या आधी चालू केलीय. मळमळ होते, आणि जांभया, म्हणजे झोप आलेली नसतानाही नुसत्या जांभया. फरक म्हणाल तर अजून फारसा नाही.
आता माझ्या जावेची बहीण चिपळूणला फ्लुओक्सेटिन घेते, ती म्हणते माझं वजनबिजन काही वाढलं नाही, तू तीच माग. नणंद म्हणते सर्ट्रालिन सगळ्यात सेफ. यजमान मुंबईला असतात, ते फोनवर म्हणतात जे दिलंय ते घे. तर प्रश्न असा की या गोळ्यांत खरंच डावंउजवं असतं का? कुणाला कुठली लागू पडली, काय त्रास झाला, ते लिहा. कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव लिहा म्हणजे सगळ्यांना कळेल.

बांगडा_फ्राय
चहा घेऊन बसलोय, वाचतो. ताई, एकच सल्ला, खोक्यातला तो घडी घातलेला कागद वाचू नकोस. तो वाचला तर माणूस क्रोसिनपण घेणार नाही.

कातळकोपरा
राग मानू नका पण स्पष्ट लिहितो. आमच्या आजीला अकरा मुलं झाली, त्यातली चार गेली, आजोबा मुंबईला गिरणीत, शेती हिच्या डोक्यावर. कुठे डिप्रेशन होतं? पहाटे उठून आडाचं पाणी काढायची. आता रिकामपण वाढलंय, मोबाइल वाढलाय आणि डॉक्टरांना गोळ्या खपवायच्यात. सकाळी उठून खाडीपर्यंत चालून या, प्राणायाम करा, पेज प्या. गोळी एकदा लागली की सुटत नाही.

पेजवाली
@कातळकोपरा, तुमच्या आजीला कुणी विचारलं होतं का कधी? आमच्या राजापूरच्या घरी माझी एक चुलत आजी माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. मी लहान असल्यापासून तशीच. जेवायला बोलावलं तर यायची, नाही बोलावलं तर नाही. कुणी विचारलं तर "तिचं काय, ती तशीच" एवढंच उत्तर. म्हणजे तेव्हाही होतंच, फक्त त्याला नाव नव्हतं, आणि पाणी काढायला दुसरी जाऊ होती म्हणून घर चालून गेलं.
आणि पेज मी पण पिते हो, आयडीच बघा माझा. पण पेजेने पहाटे तीनची जाग जात नाही.

रापणकर
सुरंगीताय, माझा सांगतंय. माका डॉक्टरान सर्ट्रालिन दिल्यान. पयलो आठवडो नुसती पोटात कळ आणि जुलाब. घराकडे आसलंय तर ठीक, पण मी होडयेर, आणि होडयेर माणूस खय जातलो? डॉक्टराक फोन करून सांगलंय, तेना जेवल्याबरोबर घेवक सांगल्यान आणि आधी अर्धी गोळी करून मगे हळूहळू वाढवल्यान. मगे ता थांबला. आता बरा आसा. माका जास्त त्रास होता तो पावसाळी बंदीत, होडी वर ओढलेली, हाताक काम नाय, आणि सांज झाली काय बाटली. डॉक्टर म्हणालो बाटली आणि गोळी एकत्र चालाची नाय. बाटली पुरी सुटली असा खोटा सांगणंय नाय, पण कमी झाली.

बांगडा_फ्राय
@रापणकर "होडयेर माणूस खय जातलो" 🙏 आख्ख्या धाग्याचा प्रश्न एका वाक्यात.

औषधवाला
माझं चिपळूणला मेडिकल आहे, बी.फार्म. आहे, डॉक्टर नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण रोज शंभर चिठ्ठ्या डोळ्यांखालून जातात त्यामुळे थोडं लिहितो.
ताई, तुझी ती मळमळ आणि जांभया दोन्ही एस्सिटालोप्रॅमने येऊ शकतात, आणि बहुतेकांना पहिल्या पंधरा दिवसांत कमी होतात. या गोळ्यांची गंमत अशी की त्रास आधी येतो आणि गुण मागून. दोन ते चार आठवड्यांत थोडा फरक कळायला लागतो, डॉक्टर सहसा चार ते सहा आठवडे पुरेशा डोसवर बघून मग ठरवतात की चालतेय की बदलायची. लोक नेमके पहिल्या आठवड्यात सोडतात. मग आमच्याकडे येऊन म्हणतात ती लागू पडली नाही, दुसरी द्या, जणू काही मी खोकल्याचं औषध देतोय.
आता डावंउजवं. माझ्या काउंटरवरून जे दिसतं ते असं: सर्ट्रालिनवाल्यांचं पोट बिघडतं, आत्ताच रापणकरांनी सांगितलं. फ्लुओक्सेटिनने काहीजण सुरुवातीला अस्वस्थ होतात, झोप उडते, म्हणून ती सकाळी. पॅरोक्सेटिनने वजन आणि बाकीच्या खाजगी तक्रारी जास्त. मिर्टाझापिनने झोप येते आणि भूक इतकी लागते की एक गिऱ्हाईक म्हणाला रात्री उठून गार भात खातो. व्हेन्लाफॅक्सिनला बीपी बघत राहायला लागतं, खासकरून डोस वाढवला की. अमिट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिन या जुन्या लोकांनी तोंड कोरडं, बद्धकोष्ठ, उभं राहिलं की चक्कर. ज्यांना प्रोस्टेट आहे त्यांची लघवी अडते, काचबिंदूवाल्यांनाही जपून. आणि जास्त गोळ्या पोटात गेल्या तर या जुन्या गोळ्या हृदयाला फार धोक्याच्या, म्हणून घरात पन्नास-पन्नासच्या पट्ट्या साठवून ठेवू नयेत असं मी प्रत्येकाला सांगतो.
क्लोनाझेपामचं मात्र वेगळं. ती डिप्रेशनची गोळी नाहीच. पहिली गोळी काम करू लागेपर्यंत झोप आणि घाबरेपणासाठी टेकू म्हणून देतात. ती महिनोन्महिने चालू राहिली तर सवय लागते. आपल्याकडे दोन्ही एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे पुष्कळांना पत्ताच नसतो की आपण दोन औषधं घेतोय. ती किती दिवस घ्यायची हे डॉक्टरांना विचारून घे.
@कातळकोपरा "गोळी लागली की सुटत नाही" हे तुम्ही ऐकलंय ते बहुतेक क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलामबद्दल असणार.

आकडेमोड
मूळ प्रश्नाचं उत्तर देतो, म्हणजे "कुठली जास्त चालते". यावर 2018 साली लॅन्सेटमध्ये ऑक्सफर्डच्या सिप्रियानी आणि मंडळींचं मोठं विश्लेषण आलं होतं. 21 औषधं, 522 चाचण्या, 1,16,477 लोक. निष्कर्ष असा की सगळ्या 21 औषधांनी खोट्या गोळीपेक्षा (म्हणजे दिसायला तशीच पण आत औषध नसलेली) जास्त गुण दिला. एकमेकांशी तुलना केली तर अमिट्रिप्टिलिन, एस्सिटालोप्रॅम, मिर्टाझापिन, पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन, अगोमेलाटिन, व्होर्टिओक्सेटिन थोडी वरच्या बाजूला, आणि फ्लुओक्सेटिन, फ्लुव्होक्सामिन, ट्रॅझोडोन, रीबॉक्सेटिन खालच्या बाजूला. पण सहन व्हायच्या बाबतीत चित्र वेगळं. तिथे फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, सिटालोप्रॅम वर, आणि अमिट्रिप्टिलिन, क्लोमिप्रामिनसारख्या गोळ्या लोकांनी अर्ध्यात सोडल्या.
दोन्ही याद्यांत वर असणाऱ्यांत एस्सिटालोप्रॅम आहे, म्हणजे सुरंगीताईंच्या डॉक्टरांनी उगाच काही दिलेलं नाही. मात्र दोन गोष्टी: यातल्या बहुतेक चाचण्या आठ आठवड्यांच्या आहेत, वर्षभर घेणाऱ्याचं काय ते त्यातून कळत नाही. आणि हे सरासरीचे आकडे आहेत. औषधाऔषधांतला गुणाचा फरक बेताचा, त्रासातला फरक ठळक. त्यामुळे डॉक्टर निवड करतात ती बरीचशी कुठला त्रास तुम्हाला परवडेल यावर.

कातळकोपरा
मग 2022 ला तो लेख आला होता ना, की मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या कमतरतेने डिप्रेशन होतं याला पुरावा नाही म्हणून? सगळीकडे फिरत होता. मग सेरोटोनिन वाढवणाऱ्या या गोळ्या कशाला?

आकडेमोड
आला होता, मोनक्रिफ आणि सहकाऱ्यांचा. त्यांचं म्हणणं डिप्रेशनच्या कारणाबद्दल होतं, गोळी चालते की नाही याबद्दल तो अभ्यासच नव्हता. मेंदूत अमुक रसायन कमी पडलं आणि गोळीने भरून काढलं, हे इतकं सोपं नाही हे मान्य. पण तापाला पॅरासिटामॉल लागू पडते म्हणजे ताप पॅरासिटामॉलच्या कमतरतेने आला असं कुणी म्हणत नाही. या गोळ्यांचा जन्मच अपघाताने झालाय. 1952 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू हॉस्पिटलात टीबीच्या पेशंटांना इप्रोनियाझिड दिलं तर मरगळलेली माणसं वॉर्डात उत्साहाने फिरायला लागली. तिथून शोध सुरू झाला. का चालतं ते नंतर शोधत बसले, अजून शोधतायत.
आणि गोळी चालते म्हणजे सगळ्यांना चालते असंही नाही. अमेरिकेतल्या स्टार-डी अभ्यासात पहिल्या गोळीवर, म्हणजे सिटालोप्रॅमवर, साधारण एक तृतीयांश लोकच पूर्ण बरे झाले. बाकीच्यांना बदलावी लागली किंवा जोड द्यावी लागली.

लांजेकर
एक तृतीयांशवाल्यांत मी नव्हतो. एस्सिटालोप्रॅमने माझं काहीच हललं नाही, मग व्हेन्लाफॅक्सिन. त्याने मात्र मी माणसात आलो, ऑफिसला जायला लागलो, दाढी करायला लागलो (बायकोच्या मते हे मोठं लक्षण). पण त्याची दुसरी बाजू सांगतो. जुलैचा पाऊस, घाटात दरड, मालाची गाडी अडकली, आणि आमच्याकडच्या दोन्ही मेडिकलात ती गोळी नाही. पहिला दिवस काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोक्यात करंट बसायला लागले. खोटं वाटेल पण मान वळवली, डोळे फिरवले की झिण्ण. चक्कर, घाम, आणि रात्री इतकी भडक स्वप्नं की उठून बसलो. मला वाटलं पॅरालिसिसचा झटका येतोय. शेवटी मेव्हण्याने रत्नागिरीहून बाइकवर भिजत आणून दिली, घेतल्यावर काही तासांत उतरलं. तेव्हापासून आगोटीला तांदूळ-मसाला भरताना गोळ्याही भरतो, डॉक्टरांनी दोन महिन्यांची चिठ्ठी द्यायला हो म्हटलंय.

औषधवाला
@लांजेकर, अगदी ठराविक लक्षणं आहेत ही. व्हेन्लाफॅक्सिन अंगातून फार लवकर उतरतं, पाचेक तासांत निम्मं, आणि शरीरात त्याचं जे पुढचं रूप बनतं ते अकराएक तासांत निम्मं. पॅरोक्सेटिनही सोडताना असाच त्रास देतं. याच्या उलट फ्लुओक्सेटिन, ते आणि त्याचं पुढचं रूप मिळून आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतं, एखादा दिवस चुकला तरी कळत नाही. विसराळू माणसाला ती बरी. पण त्याचाच तोटा असा की दुसरं औषध सुरू करायचं असेल तर वाट बघावी लागते.
म्हणून कुठलीही असो, बरं वाटलं म्हणून एका रात्रीत बंद करायची नाही, डॉक्टरांच्या सांगण्याने पायरीपायरीने उतरवायची. आणि बरं वाटल्यावरही पहिल्या खेपेला निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायला सांगतात. शिमग्याला बरं वाटलं म्हणून सोडली आणि गणपतीत परत तेच, अशी गिऱ्हाइकं माझ्याकडे दरवर्षी असतात.

नाव_नको
हा आयडी खास या एका प्रश्नासाठी काढलाय. लग्नाला दोन वर्षं झालीत. गोळीने मन सुधारलं पण ते दुसरं सगळं थंड पडलंय. बायकोला वाटतं माझं तिच्यावर मन नाही. डॉक्टरांपुढे आई सोबत असते, बोलणार कसं?

खाडीपलीकडे
मी मानसोपचारात एम.डी. करतेय, सध्या मुंबईत, घर गुहागर तालुक्यात. @नाव_नको, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. सेरोटोनिन वाढवणाऱ्या या गटातल्या गोळ्यांनी इच्छा कमी होणं, उशीर लागणं किंवा होतच नाही असं होणं हे अतिशय कॉमन आहे, आणि पेशंट सांगत नाहीत म्हणून आम्हाला कमी वाटतं. पॅरोक्सेटिनमध्ये सगळ्यात जास्त दिसतं, पण सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, व्हेन्लाफॅक्सिन कुणीच सुटलेलं नाही. ब्युप्रोपिऑन आणि मिर्टाझापिनमध्ये कमी. ब्युप्रोपिऑन मात्र फिट्स येणाऱ्यांना चालत नाही. डोस कमी करणं, औषध बदलणं, जोड देणं असे मार्ग आहेत, फक्त स्वतःहून गोळी चुकवू नका. आईला बाहेर बसवायचं काम डॉक्टरांचं. आत शिरताना एवढंच म्हणा, "डॉक्टर, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय." रोज कुणीतरी म्हणतं, आम्हाला नवीन नाही. आणि बायकोला गोळीबद्दल सांगा हो, ती बिचारी स्वतःलाच दोष देत बसली असेल.

पेजवाली
खाडीपलीकडे डॉक्टर आल्यात तर माझ्या आईचं सांगते, कारण हे कुणीच सांगत नाही. आई बहात्तर वर्षांची, राजापूरला एकटी. बाबा गेल्यावर जेवेना, मग एस्सिटालोप्रॅम चालू केली. बीपीची गोळी आधीपासून होती, तीही लघवी वाढवणारी. महिनाभरात शेजारच्या काकूंचा मला ठाण्याला फोन, "तुझी आई काहीतरीच बोलते, काल तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावायचा सोडून गॅसच्या शेगडीवर वात ठेवत होती." आम्ही धावत गेलो. पाय लटपटत होते, मला ओळखलं पण बाबांना हाक मारत होती. वाडीतल्या निम्म्यांनी बाबांचं काही राहिलंय म्हणून गाऱ्हाणं घालायला सांगितलं, निम्म्यांनी वय झालं म्हणून सोडून दिलं. मी रक्त तपासायला लावलं. सोडियम 118, म्हणजे फारच खाली. दवाखान्यात ठेवून सावकाश वर आणलं, गोळी बदलली, बीपीचीही बदलली. आठवड्याभरात आई मला "साडी कसली नेसलीस ही" म्हणून बोलायला लागली तेव्हा कळलं की परत आली. आणि बीपीच्या भीतीने ती मीठपण जवळजवळ सोडूनच बसली होती.

खाडीपलीकडे
अगदी बरोबर पकडलंत. साठीच्या पुढे, त्यातही बायकांमध्ये, आणि सोबत थायझाइड गटातली, म्हणजे लघवी वाढवणारी बीपीची गोळी असेल तर या औषधांनी सोडियम उतरू शकतं, बहुतेक वेळा पहिल्या काही आठवड्यांत. म्हातारं माणूस अचानक गोंधळलं, पडलं, डोकं दुखतं म्हणालं तर सोडियम तपासायचंच. आम्ही अशा पेशंटांत गोळी सुरू करायच्या आधी आणि थोड्या दिवसांनी परत बघतो. तालुक्याच्या कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये होतं. फक्त घरच्या घरी मीठ वाढवून उपाय करू नका, सोडियम वर आणायचं पण सावकाश आणि देखरेखीखाली आणावं लागतं.
वयस्कांचं आणखी एक, सिटालोप्रॅम आणि एस्सिटालोप्रॅम मोठ्या डोसला ईसीजीत फरक करतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2011 मध्ये सिटालोप्रॅम दिवसाला 40 मिलिग्रॅमच्या वर देऊ नका म्हणून बजावलं, साठीच्या पुढे मर्यादा 20 ची. हृदयाचं दुखणं असेल तर आधी सांगा.

बांगडा_फ्राय
जरा सिरियस विचारतो. पूर्वी कुठल्याशा डिप्रेशनच्या गोळीवर सुकी मासळी बंद असं ऐकलेलं. सुकट, बांगडा, जवळा सगळं बंद. असं असेल तर मी आत्ताच सांगतो, मी दुःखी राहीन पण जवळा सोडणार नाही.

औषधवाला
😄 ते खरं आहे पण तुझ्या कामाचं नाही. जुन्या एमएओ इन्हिबिटर गोळ्यांबद्दल आहे ते, ज्या त्या टीबीच्या औषधावरून निघाल्या. मुरवलेल्या, सुकवलेल्या पदार्थांत टायरामिन असतं, त्या गोळ्या चालू असताना ते खाल्लं तर बीपी एकदम भडकतं. जुनं चीज, खारवलेले मासे सगळं वर्ज्य. आता त्या सहसा कुणी लिहून देत नाही, आणि बाकीच्या गोळ्यांना सुक्या मासळीचं वावडं नाही. जवळा खा.
पण खाण्यापेक्षा दुसऱ्या गोळ्या जास्त गोत्यात आणतात. कंबर दुखली म्हणून ट्रामाडॉल, आणि आधीची सर्ट्रालिन चालूच, हे मी स्वतः काउंटरवर थांबवलंय. दोन्ही मिळून सेरोटोनिन वाढतं, थरथर, ताप, घाम, घाबरणं, प्रकरण गंभीर होऊ शकतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या दुखण्यावरच्या गोळ्या सोबत रोज घेतल्या तर पोटात रक्तस्राव व्हायची शक्यता वाढते. त्यामुळे दाताच्या डॉक्टरकडे गेलात तरी सांगा की अमुक चालू आहे. लोक लपवतात. बीपीची सांगतील, शुगरची सांगतील, ही नाही.

चिरेबंदी
लपवण्यावरून आठवलं. आमच्या सावंतवाडीकडे भावाला उदास होता म्हणून एका फिजिशियनने गोळी सुरू केली. दोन आठवड्यांत भाऊ टुणटुणीत, आम्ही खूष. मग झोपणं बंद. रात्री दोनला बॅटरी घेऊन आगरात फिरायचा. एक दिवस दारात तीन ट्रक चिरे येऊन उभे, म्हणे वाडीभोवती कंपाउंड घालतोय, सगळ्या वाडीभोवती, शेजाऱ्यांच्यासुद्धा. पैसे कुठले तर सोसायटीचं कर्ज काढून. नंतर मोठ्या डॉक्टरांनी घरातला इतिहास खोदून विचारला तेव्हा मामांचं निघालं, तेही मधूनमधून असेच "भरात" यायचे. हा बायपोलर होता. नुसती डिप्रेशनची गोळी दिली की काहीजण दुसऱ्या टोकाला जातात म्हणे. ती बंद करून मूड स्थिर ठेवायची औषधं चालू केली. चिरे अजून पडून आहेत, कुणाला हवे असतील तर सांगा, स्वस्तात देईन.

खाडीपलीकडे
म्हणून आम्ही पहिल्या भेटीत "कधी कमी झोपूनही फार उत्साह, फार खर्च, फार बोलणं असं झालं होतं का, घरात कुणाला होतं का" हे विचारतो. आणि त्यावेळी नातेवाईक "नाही हो, आमच्याकडे असलं काही नाही" म्हणतात.

कॉलेजकट्टा
मी वीस वर्षांचा आहे, दापोलीला शिकतो. मला फ्लुओक्सेटिन दिलीय. नेटवर वाचलं की पंचवीसच्या आतल्यांना यानेच वाईट विचार वाढतात. घ्यायची की नाही? खरं सांगू तर विचार आधीपासून आहेतच.

खाडीपलीकडे
सांगितलंस ते फार चांगलं केलंस. इशारा खरा आहे. अमेरिकेत 2004 मध्ये लहान मुलांसाठी या औषधांवर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, 2007 मध्ये तो चोवीस वर्षांपर्यंतच्यांना लागू केला. त्याचा अर्थ गोळी घेऊ नका असा नाही. पहिल्या काही आठवड्यांत आणि डोस बदलताना जास्त लक्ष ठेवा, लवकर लवकर भेटायला बोलवा, असा आहे. उपचार न घेतलेलं डिप्रेशनही तितकंच धोक्याचं असतं. तुझे विचार आधीपासून आहेत हे डॉक्टरांना उद्याच सांग, पुढच्या तारखेची वाट बघू नकोस. घरातल्या किंवा रूमवरच्या एका तरी माणसाला आज सांग, गोळ्यांची पट्टी त्याच्याकडे ठेवायला दे. रात्री फार झालं तर 14416 ला फोन कर, सरकारची टेली-मानस आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि जीवाचं बरंवाईट करावंसं अगदी आत्ता वाटत असेल तर फोनची वाट न बघता जवळच्या दवाखान्यात जा. व्यक्तिगत निरोप केलाय, बघ.

कॉलेजकट्टा
बघितला. रूममेटला सांगितलं. तो आता मला एकटा सोडतच नाहीये, बाथरूमच्या बाहेर उभा होता 😅 उद्या तोच नेतोय डॉक्टरांकडे.

लांजेकर
शाबास रे पठ्ठ्या. रूममेटला माझ्याकडून आंबोळी-चटणी.

कातळकोपरा
एक विचारू का, टोमणा नाही. आमच्याकडे एखाद्याला असं झालं की "ह्याला रत्नागिरीला न्या" म्हणतात. लोक डॉक्टरकडे जात नाहीत त्याचं हेच कारण असावं. मीही आमच्या एका नातलगाला त्यासाठीच थांबवतोय, गावात कळलं तर मुलीचं लग्न जमणार नाही.

पेजवाली
म्हणजे रत्नागिरीचं मनोरुग्णालय 1886 पासून आहे आणि आपण अजून त्याचा वापर शिवी म्हणूनच करतोय. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांतलं एक आपल्या कोकणात, आणि तिथे ओपीडीला जाऊन गोळी घेऊन दुपारच्या एसटीने घरी येणारी माणसं रोज असतात. भरती करतात ती थोडी. पण बदनामीची एवढी भीती असेल तर त्या नातलगाला आधी टेली-मानसवर फोन लावून द्या. घरात बसून बोलता येतं. गाऱ्हाणंही घाला हवं तर, रवळनाथाची काही हरकत नसावी. मुलीच्या लग्नाचं म्हणाल तर बाप अंथरुणाला खिळला की जमतं का?

सुरंगी
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी. दोन वेळा वाचलं, शाळेतल्या वहीत प्रश्न लिहून काढले आणि काल कुडाळला जाऊन आले. डॉक्टर वही बघून हसले पण सगळी उत्तरं दिली. फ्लुओक्सेटिनचं विचारलं तर म्हणाले तुमची झोप आधीच तुटकी आहे, तुम्हाला ती सुरुवातीला आणखी जागवेल, जावेच्या बहिणीची तक्रार दिवसभर झोपण्याची होती म्हणून तिला जमली असेल. दुसऱ्याचा चष्मा लावून आपल्याला दिसत नाही, हे त्यांचं वाक्य. क्लोनाझेपाम आता एक दिवसाआड आणि मग बंद. एस्सिटालोप्रॅम रात्रीऐवजी सकाळी नाश्त्याबरोबर. वजन केलं, नोंदवून ठेवलंय. अजून एक-दोन आठवड्यांनी डोस बघणार आहेत, आणि शेजारच्या खोलीत समुपदेशक बसतात त्यांच्याकडेही पाठवलं, गोळीबरोबर ते केलं तर जास्त चांगलं म्हणाले. मळमळ खरंच कमी झालीय. पहाटेची जाग तीनवरून साडेचारवर आलीय. परवा सहामाहीचे पेपर तपासताना एका मुलाचं उत्तर वाचून हसू आलं, त्याने जलचक्रात समुद्रानंतर बाण काढून थेट आमच्या शाळेच्या छपरावर नेला होता, गळतं म्हणून.
@कातळकोपरा, चालायला मात्र जाते हं रोज, मांडवीपर्यंत. ते तुमचं पटलं.

कातळकोपरा
😊 नंबर लिहून घेतलाय 14416.

आगरवाट
धागा जरा जुना झालाय पण विचारते. आमच्या बाबांना शुगरमुळे पायांची आग होते, त्यासाठी डुलॉक्सेटिन दिलंय. चिठ्ठी गुगल केली तर डिप्रेशनची गोळी निघाली. बाबा म्हणतात मला वेड लागलंय का, आणि घेतच नाहीत. ती कॅप्सूल आहे, फोडून दह्यात घालून गुपचूप दिली तर चालेल का?

औषधवाला
नाही, फोडायची नाही. आतले दाणे पोटातल्या आम्लात विरघळू नयेत म्हणून आवरण दिलेलं असतं, चावून-कुटून उपयोग नाही. आणि गुपचूप तर नकोच. शुगरमुळे नसा दुखतात त्यावर हे औषध देतातच, डिप्रेशन नसलं तरी. मायग्रेनला किंवा मानेच्या दुखण्याला थोडी अमिट्रिप्टिलिन देतात तसंच. बाबांना सांग ही पायाच्या नसांची गोळी आहे, खोटं नाही ते. बीपी बघत राहा, सुरुवातीला मळमळ होईल, आणि एकदम बंद करायची नाही. बाबा दारू घेतात का? नियमित जास्त घेत असतील तर हे औषध यकृताला त्रासाचं.

आगरवाट
घेतात. रोज नाही पण... जवळजवळ रोज.

औषधवाला
डॉक्टरांना सांगितलंय?

आगरवाट
बाबा शेजारीच बसलेले ना. उद्या फोन करून सांगते.